स्लॅबच्या घरातला उन्हाळा: उष्णतारोधन, फटी आणि खेळती हवा

माळवदाच्या घरात लहानपण गेलेली माणसे मराठवाड्यात अजून आहेत, आणि मे महिन्यातील रात्री स्लॅबखाली पंखा गरम वारा फेकू लागला की त्यांना माळवदाची आठवण हमखास येते. ती आठवण खोटी नाही. तुळया, त्यांवर लाकडी फळ्या आणि त्या फळ्यांवर दीड-दोन फूट पांढरी माती असे ते छप्पर असे. दिवसभराचे ऊन माती स्वतःत मुरवून घेई आणि ते खालच्या खणात उतरेपर्यंत बाहेर रात्र पडलेली असे. परंतु दहा बाय बाराच्या एका खोलीवर दीड फूट माती म्हणजे डोक्यावर आठ टनांहून अधिक भार होतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात हा भार, मातीत रचलेल्या दगडी भिंतींसह, झोपलेल्या माणसांवर कोसळला. त्यानंतर लोकांनी स्लॅब आणि पत्रा जवळ केला, हे योग्यच झाले. मात्र मातीबरोबर उष्णता अडवण्याचे तिचे कामही गेले आणि ते काम दुसऱ्या कोणाकडे सोपवायचे, याचा विचार राहून गेला.

माळवदाचा गारवा त्याच्या वजनातून येत होता, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. तो अर्धाच खरा आहे. वजनामुळे उष्णता उशिरा पोचते, पण ती कमी पोचावी यासाठी वजन लागत नाही. त्यासाठी अडकवून ठेवलेली, न हलणारी हवा लागते, आणि हवेला वजन जवळजवळ नसतेच. बर्फाळ प्रदेशातील घरबांधणीने हीच गोष्ट पद्धतशीर वापरली. कॅनडातील रेजायना शहरात १९७७ साली बांधलेल्या सस्कॅचेवान कॉन्झर्व्हेशन हाउसमध्ये, बाहेर उणे तीसच्या आसपास थंडी पडत असतानाही, घर तापवायची नेहमीची भट्टी बसवलेली नव्हती. जर्मनीतील डार्मश्टाट येथे १९९१ मध्ये राहते झालेले पहिले पॅसिव्ह हाउस, म्हणजे तापवायला जेमतेम ऊर्जा लागणारे घर, त्याच मार्गाने पुढे गेले. तेथे ठरलेला क्रम तीन पायऱ्यांचा आहे: आधी घराला चहूबाजूंनी उष्णतारोधक पांघरूण घालायचे, मग फटी बुजवायच्या आणि शेवटी श्वासापुरती ताजी हवा मोजून-मापून आत आणायची. हा क्रम आपल्याला जसाच्या तसा घेता येतो. त्यातील तिसरी पायरी मात्र आपल्याकडे वेगळ्या रीतीने चढावी लागते, कारण तिकडे उष्णता कित्येक महिने एकाच दिशेने, आतून बाहेर, पळत असते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात तिची दिशा दिवसातून दोनदा बदलते.

पहिले काम छताचे

तळमजला आणि त्यावर थेट गच्ची, असे घर असेल तर पैसा सर्वप्रथम छतावर खर्च करावा. भिंतीवर ऊन तिरपे आणि काही तासच पडते. गच्ची मात्र सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत तव्यासारखी तापत राहते. किती उष्णता आत येते, याचा अंदाज साध्या गुणाकाराने बांधता येतो. छताच्या दोन्ही बाजूंच्या तापमानांत एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, त्या आकड्याला यू-मूल्य म्हणतात. तो जितका लहान तितके छप्पर चांगले. गिलावा केलेल्या पाच इंची उघड्या स्लॅबचे यू-मूल्य सुमारे ४ येते. दहा बाय बाराची खोली म्हणजे ११ चौरस मीटर, आणि तापलेली गच्ची व खोली यांत २० अंशांचा फरक धरला, तर ४ गुणिले ११ गुणिले २० म्हणजे जवळपास ९०० वॅट होतात. भर दुपारी खोलीच्या आढ्याला एक किलोवॅटची शेगडी उलटी टांगून ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

याच स्लॅबवर ५० मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस, म्हणजे दाबून काढलेल्या पॉलिस्टायरीनचा, बोर्ड घातला की यू-मूल्य ०.६ च्या आसपास उतरते आणि ९०० वॅटचे १३० च्या घरात येतात. पंचवीस मिलिमीटरचा, म्हणजे एक इंची बोर्डसुद्धा ते १ च्या जवळ आणतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये आणलेल्या इको निवास संहितेत घराच्या छतासाठी १.२ ही कमाल मर्यादा आहे, ती एवढ्याने पाळली जाते. दीड फूट मातीच्या माळवदाचे यू-मूल्यही साधारण एक ते सव्वा येते. आठ टन माती जेवढी उष्णता अडवत होती, तेवढी अडवायला त्या खोलीवर एक इंची बोर्ड, तोही जेमतेम दहा किलोचा, पुरतो. मातीचा उशीर करण्याचा गुण मात्र बोर्डात नाही. तो थोडाफार त्याखालच्या काँक्रीटकडून मिळतो, आणि म्हणूनच बोर्ड स्लॅबच्या वर असावा, खाली नसावा. खालून बोर्ड किंवा फॉल्स सीलिंग लावल्यास स्लॅब दिवसभर तापतच राहतो, तापून-निवून त्याला भेगा पडण्याचे थांबत नाही आणि घरातल्या गारव्याला साठून राहायला जागाही उरत नाही.

बोर्ड निवडताना थर्माकोल आणि एक्सपीएस यांत गफलत करू नये. पांढरा, मण्या-मण्यांचा थर्माकोल उष्णता अडवण्यात फारसा मागे नाही, परंतु त्याच्या मण्यांमधून पाणी शिरते आणि पाणी शिरलेला थर निरुपयोगी होतो. एक्सपीएसची छिद्रे बंद असतात, त्यामुळे तो ओलाव्यात टिकतो. बोर्डाच्या कडा खाचेच्या, म्हणजे एकमेकींवर बसणाऱ्या, असाव्यात. सरळ कडेच्या बोर्डांच्या सांध्यांतून उष्णतेला वाट मिळते.

एका घरावर हे काम चालू असताना आमच्या वयस्कर मिस्त्रींनी बोर्डावर अंगठा दाबून पाहिला आणि विचारले, "साहेब, ह्या फेसावर कोबा कसा टिकंल?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर थरांच्या क्रमात आहे. सर्वांत आधी जुना फुगलेला कोबा, म्हणजे स्लॅबवर ठोकून बसवलेला थर, काढून स्लॅब साफ करावा, भेगा भराव्यात आणि दर दहा फुटांना सव्वा इंच या हिशेबाने पन्हाळीकडे उतार द्यावा. त्यावर जलरोधक थर द्यावा, आणि गच्चीचा कठडा जेथे स्लॅबला मिळतो तेथे कोपरा सिमेंटने गोलसर भरून, म्हणजे वाटा करून, तो थर कठड्यावर किमान नऊ इंच वर चढवावा. हा थर वाळल्यावर पन्हाळीची तोंडे बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी तुंबवावे आणि ते दोन दिवस तसेच ठेवावे. खाली डाग उमटला नाही, तरच बोर्ड अंथरावेत. बोर्डावर जिओटेक्स्टाइलचे कापड, कापडावर जाळी घातलेला दोन इंची कोबा आणि कोब्यावर पांढऱ्या फरशा किंवा चिनी मातीच्या तुकड्यांची फरसबंदी करावी. कोबा दहा-दहा फुटांवर कापून सांधे ठेवावेत, कारण खालच्या बोर्डामुळे उष्णता स्लॅबमध्ये उतरत नाही आणि वरचा कोबा पूर्वीपेक्षा जास्त तापतो व ताणला जातो. दोन इंची कोब्याचे वजन चौरस मीटरला शंभर किलोंच्या पुढे जाते. विटांच्या तुकड्यांचा चार इंची जुना कोबा काढून हा घातला तर एकूण भार घटतोच, पण जुना तसाच ठेवून त्यावर नवा चढवायचा असल्यास अभियंत्याला दाखवल्याशिवाय एक घमेलेही वर नेऊ नये.

पाणी तुंबवण्याची पायरी गाळू नये, हे मी अनुभवाने लिहितो. माझ्याच घराच्या वेळी मी बाहेरगावी होतो आणि ठेकेदाराने वेळ वाचवण्यासाठी चाचणी न करता बोर्ड अंथरून टाकले. कोबा व्हायच्या आतच जूनच्या पहिल्या वळवाने गच्ची भरली, पन्हाळीत प्लास्टिकची पिशवी अडकली, आणि बोर्ड पाण्यावर द्रोणांसारखे तरंगू लागले. ते पुन्हा गोळा करून बसवण्याचा खर्च एक वेळ सोसला. पण कठड्याच्या कोपऱ्यात वाटा कच्चा राहिल्याचे त्यानंतर कळले आणि सगळे काम पायापासून पुन्हा करावे लागले.

एवढा खर्च झेपणार नसेल तर निदान गच्ची पांढरी करावी. उघडे सिमेंट पडणाऱ्या उन्हापैकी एक तृतीयांशाच्या आसपासच परत फेकते, तर चांगला पांढरा थर सत्तर-ऐंशी टक्के फेकतो. चुना आणि डिंक यांचे दोन हात गुढीपाडव्याच्या आत मारावेत. आपल्याकडे उन्हाळी वावटळींनी महिनाभरात त्यावर काळ्या रानाची धूळ बसते आणि गुण उतरतो, म्हणून अधूनमधून खराटा फिरवावा. बोर्ड घातला तरी वरचा रंग पांढराच असावा, कारण पांढरा रंग ऊन घेऊच देत नाही आणि बोर्ड घेतलेले खाली उतरू देत नाही. ही दोन वेगळी कामे आहेत.

पत्र्याच्या घराची गोष्ट थोडी निराळी आहे. पत्र्याला वजनही नाही आणि रोधनही नाही. तो तापतो आणि खालच्या माणसांवर थेट उष्णता फेकतो. पत्र्यावर तुराट्या किंवा पाचट टाकण्याची जुनी रीत सावली देते हे खरे, पण त्यात ठिणगी पडायचा आणि साप राहायचा धोका असतो. त्याऐवजी पत्र्याच्या खाली सहा इंच जागा सोडून आतले छत बांधावे, त्यावर दगडी लोकरीचा थर अंथरावा, आणि मधल्या पोकळीची दोन्ही टोके जाळी लावून उघडी ठेवावीत, म्हणजे तापलेली हवा तेथूनच निघून जाईल. चकचकीत फॉइल लावायचे असेल तर त्याच्या चकचकीत बाजूला हवेची पोकळी हवीच. दोन थरांत दाबून बसवलेले फॉइल काहीही काम करत नाही. स्वयंपाकघराच्या वर थर्माकोल कधीही वापरू नये, कारण तो पेटतो आणि त्याचा धूर घातक असतो.

भिंतींबाबत लांबण लावण्याचे कारण नाही. नवे बांधकाम असेल तर पश्चिमेची भिंत तरी एएसी ब्लॉकची, म्हणजे हवेची छिद्रे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची, करावी. आठ इंची एएसी भिंत नऊ इंची विटांच्या भिंतीच्या जेमतेम निम्मी उष्णता आत येऊ देते. जुन्या घरात पश्चिमेला लिंबाचे झाड, वेल किंवा हिरवी जाळी यांचा उपयोग होतो. खिडकीचा पडदा आतून लावण्यापेक्षा वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा बाहेरून सोडावा, कारण काचेतून आत आलेले ऊन आतल्या पडद्याला अडवता येत नाही. ते फक्त पडद्याला तापवते.

फटी शोधणे

थंड देशांत घर पुरे होत आले की दारात एक मोठा पंखा बसवून आतली हवा ओढतात, आतबाहेर ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण करतात आणि तासाभरात घरातली हवा किती वेळा बदलते ते मोजतात. पॅसिव्ह हाउससाठी हा आकडा ०.६ च्या पुढे जाऊन चालत नाही. तेथे हा आग्रह केवळ इंधनासाठी नसतो. आतली उबदार, दमट हवा फटीतून भिंतीच्या पोटात शिरली की थंड थरावर तिचे पाणी होते आणि लाकूड कुजते.

आपल्याकडे तसे यंत्र सहसा मिळत नाही, पण त्याची घरगुती आवृत्ती करता येते. घरातील सर्व दारे-खिडक्या बंद कराव्यात, गॅसची शेगडी आणि गीझर पूर्ण बंद असल्याची खात्री करावी, आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू करावा. मग पेटलेली उदबत्ती खिडक्यांच्या कडांवरून, दाराच्या खालून, विजेच्या बोर्डांवरून आणि एसीची नळी भिंतीतून जाते त्या भोकाजवळून हळूहळू फिरवावी. जेथे धुराची सरळ रेघ मोडून खोलीच्या आत वाकते, तेथे फट आहे. तेथे खडूने खूण करावी. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत दोन पट मध्यभागी जेथे एकमेकांवर येतात तेथे धूर बहुतेक वेळा झपकन वाकतो, कारण तेथली लोकरीची पट्टी झिजलेली किंवा सुरुवातीपासूनच नसलेली असते. ही पट्टी दुकानात मीटरवर मिळते आणि घरच्या माणसालाही बदलता येते. चौकट आणि भिंत यांमधील फट सिलिकॉनने, एसीच्या नळीभोवतीची पुट्टीने आणि दाराखालची रबरी पट्टीने बंद करावी. याच पट्ट्या परभणीकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतही कामी येतात, आणि एप्रिलमध्ये धूळ निम्म्याने कमी झाल्याचे घरातल्या झाडूवाल्या हाताला सर्वांत आधी कळते.

येथे एक इशारा ठळकपणे दिला पाहिजे. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल, किंवा घरात चूल अथवा कोळशाची शेगडी पेटत असेल, तर त्या जागेच्या फटी आणि झरोके बुजवू नयेत. कोंडलेल्या जागेत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, आणि माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत हलवावा आणि मगच हवाबंदपणाचा विचार करावा.

हवा केव्हा आणि कोठून

पॅसिव्ह हाउसच्या हिशेबात एका माणसाला तासाला सुमारे ३० घनमीटर ताजी हवा धरतात. आपली दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली ३४ घनमीटरची असते. म्हणजे एका माणसासाठी तासाला जवळजवळ खोलीभर हवा बदलली पाहिजे आणि चौघांसाठी सुमारे साडेतीन वेळा. थंड देशांत ही हवा यंत्राने आणतात, आणि बाहेर जाणारी उबदार हवा आत येणाऱ्या गार हवेला न मिसळता तिच्याशेजारून जाऊन आपली बहुतांश उष्णता देऊन जाते. मराठवाड्यात कोरड्या उन्हाळ्यात या यंत्रावर पैसे घालण्याची गरज नाही, कारण आपल्याकडे रात्र आहे. बेचाळीस अंशांच्या दिवसानंतरही पहाटेचा वारा बराच उतरलेला असतो.

यासाठी दोन साधे तापमापक घ्यावेत; एक बैठकीत आणि दुसरा उत्तरेच्या खिडकीबाहेर सावलीत लावावा. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा वर गेला की सगळे बंद करावे, आणि खाली आला की सगळे उघडावे. बहुतेक घरांत सकाळी नऊ-दहाच्या सुमारास बंद करण्याची आणि रात्री आठ-नऊच्या सुमारास उघडण्याची वेळ येते. दुपारी "वारा येऊ द्या" म्हणून खिडकी उघडणाऱ्या आजोबांना हे पटवणे अवघड जाते, पण तापमापक समोर असला की वाद कमी होतो. रात्री उघडताना खालून एक आणि वरून एक अशी दोन तोंडे हवीत. माळवदाला सवणे, म्हणजे छतातला झरोका, असे ते याचसाठी. तेथून उजेड आत येई, आणि वर साठलेली गरम हवा व धूर निघून जाई. स्लॅबच्या घरात जिन्याच्या वरच्या खोलीची खिडकी जाळी लावून रात्रभर उघडी ठेवली तर जिनाच सवण्याचे काम करतो.

कूलर वापरणाऱ्यांसाठी हा नियम उलटा होतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो, आणि ती बाहेर पडली नाही तर खोली दमट होऊन अंग चिकचिकते. कूलर चालू असताना त्याच्या समोरच्या बाजूची खिडकी वीतभर उघडी ठेवावी, आणि कूलर खोलीच्या आत ठेवून दार लावून घेण्याची चूक करू नये. एसीच्या खोलीत मात्र फटी बुजवलेल्याच असाव्यात. तेथे उलट एक गैरसमज दूर करावा लागतो: भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. चार माणसे रात्रभर बंद खोलीत झोपली तर सकाळी डोके जड होते, त्याचे कारण बहुधा हेच असते. झोपण्यापूर्वी आणि पहाटे दहा मिनिटे दार-खिडकी उघडावी, किंवा चार इंची नळीचा छोटा पंखा जाळी लावून बसवावा. एसीच्या खोलीच्या भिंतींना आतून प्लास्टिकचा वॉलपेपर लावू नये. थंड देशांत बाष्परोधक थर आतल्या बाजूला असतो, पण आपल्याकडे पावसाळ्यात ओलावा बाहेरून गार भिंतीकडे येतो आणि त्या कागदामागे बुरशी धरते.

कामाची वेळ

छताचे काम उन्हाळा टोचू लागल्यावर, एप्रिल-मेमध्ये काढण्याची आपली सवय असते, आणि तोच काळ या कामाला सर्वांत वाईट आहे. हजार चौरस फूट गच्चीवर दोन इंच पाणी तुंबवायचे म्हणजे सुमारे पावणेपाच हजार लिटर, जवळपास एक लहान टँकर लागतो, आणि कोब्याला पुढे सात दिवस पाणी मारावे लागते ते वेगळेच. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे मे महिन्यात गच्चीवर टँकर ओतणे शेजाऱ्यांनाही पाहवणार नाही. दिवाळी झाल्यावर, बोअरला पाणी असताना काम धरावे. चाचणीचे पाणी पन्हाळीच्या तोंडाला पाइप जोडून खालच्या हौदात किंवा बॅरलमध्ये उतरवून ठेवावे; कोब्याला सात दिवस मारायला तेच पुरते.